चार चलाने आणि एक प्रमाणपत्र

पावसाळा नुकताच सुरू झाला होता. संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर काका आणि काकू दवाखान्यात आले. काकांचे वय ७६. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाल्याला १८ वर्षे झालेली आणि मधुमेहही जवळजवळ तेवढाच जुना. रक्ताचे अहवाल तारीखवार लावलेली फाइल घेऊन येणारा हा माणूस त्या दिवशी मात्र एक लांबट लिफाफा घेऊन आला होता.

“डॉक्टर, आज काही तपासू नका,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “एक प्रमाणपत्र तेवढे लिहून द्या. मी आजारी आहे, प्रवास करू शकत नाही, असे.”

लिफाफ्यात दोन कागद होते. एक न्यायालयात हजर राहण्याचा, दुसरा परवाना देणाऱ्या प्राधिकरणाचा. सात आठवड्यांत चार वेळा वेगमर्यादा ओलांडल्याची ई-चलाने काकांच्या मोटारीवर निघाली होती. तीन द्रुतगती मार्गावरची, एक शहराबाहेरच्या वळणरस्त्यावरचे. मोटार मुलीने भेट दिलेली. नोंदणीच्या वेळी मोबाइल क्रमांक तिचाच दिला गेला होता. संदेश तिकडे बंगळूरला जात होते आणि ‘बाबा आणि वेग? यंत्राची चूक असणार’ असे म्हणून ती ते बाजूला सारत होती. आता परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित का करू नये, याविषयी म्हणणे मांडायला काकांना बोलावले होते.

“पन्नास वर्षे गाडी चालवतो आहे. एक ओरखडा नाही. आणि आता या वयात आरोपी म्हणून उभे राहायचे?” त्यांचा आवाज किंचित कापला. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

खोटे प्रमाणपत्र मी देऊ शकत नव्हतो, आणि ते मी लगेच सांगितलेही. पण मला टोचत होते ते वेगळेच. दोन वर्षांपूर्वी परवान्याच्या नूतनीकरणासाठी काकांच्या ‘नमुना १-अ’वर सही माझीच होती. समोरचा चहा निवण्याइतकाही वेळ मला लागला नव्हता. ओळखीचा माणूस, शिस्तीचा माणूस. रकाने भरले, शिक्का मारला. पुढे जे लिहितो आहे ते काकांच्या संमतीने, आणि त्या सहीची आठवण ठेवून.

वेग वाढतो तेव्हा

तरुणाच्या हातून वेग वाढला तर आपण स्वभावाला दोष देतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातून वाढला तरी तेच करतो, आणि तिथे बहुधा चुकतो. वय वाढते तसे बहुतेक चालक आपणहून सावकाश चालवू लागतात, रात्रीचे आणि पावसातले प्रवास टाळतात. ज्याने आयुष्यभर मर्यादा पाळली त्याच्या नावावर सत्तरीनंतर अचानक चलाने येऊ लागली, तर ती दंडाची पावती असतेच, पण तिच्याकडे रक्ताच्या अहवालाप्रमाणेही पाहिले पाहिजे. काहीतरी बदलले आहे, एवढे ती नक्की सांगते. काय बदलले ते शोधणे आपल्याकडे येते.

जपानने हे कायद्यातच आणले आहे. तिथे पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना परवाना नूतनीकरणाच्या वेळी स्मृती व विचारक्षमतेची चाचणी द्यावी लागते. मे २०२२ पासून त्यात भर पडली: मागच्या तीन वर्षांत वेगमर्यादा ओलांडण्यासारखे ठरावीक नियमभंग नोंदलेले असतील, तर प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवण्याची परीक्षाही द्यावी लागते. या कठोरपणामागे एक मोठे दुःख आहे. एप्रिल २०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका निवृत्त उच्चाधिकाऱ्याची मोटार सुसाट सुटली आणि एक तरुण आई व तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेली. ब्रेकऐवजी अॅक्सलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. तो गृहस्थ मात्र मोटारीतच बिघाड होता असे सांगत राहिला. २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्या अपघाताच्या वर्षी जपानात सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने स्वेच्छेने परत केले.

त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांची मोटार सँड्रिंगहॅमजवळ दुसऱ्या मोटारीवर आदळून उलटली. वय ९७. डोळ्यांवर आलेल्या उन्हामुळे दिपलो, असे त्यांनी कळवले आणि काही आठवड्यांत परवाना परत करून टाकला. दिपलेले डोळे पुन्हा सावरायला उतारवयात जास्त वेळ लागतो, हे नेत्रतज्ज्ञांच्या रोजच्या अनुभवातले आहे.

मी काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावले, उजेडात.

काकांची तपासणी

‘नमुना १-अ’मध्ये डॉक्टरने उत्तर द्यायचा एक प्रश्न असा आहे की, चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट अर्जदाराला वाचता येते का. पंचवीस मीटर म्हणजे माझी साधारण तेहेतीस पावले. इमारतीच्या फाटकापासून मी ती मोजली आणि रस्त्याकडेच्या रिक्षाची पाटी काकांना वाचायला लावली. दोन्ही डोळ्यांनी मिळून त्यांनी बराच वेळ घेऊन ती वाचली, आणि तीनाचा आठ केला. डाव्या डोळ्याने नुसती पिवळी पट्टी दिसत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावीकडचा पिकत आलेला.

मोतीबिंदूने धूसर दिसते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा वेगाशी संबंध? तो आहे. १९९८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात कृत्रिम चालनयंत्रावर लोकांना बसवले होते. समोरच्या दृश्यातला उजळ-गडद भागांतला फरक मंदावला की त्यांना आपला वेग आहे त्याहून कमी वाटे, आणि नकळत ते अधिक वेगाने चालवत. खऱ्या धुक्यात हे नेहमी असेच घडते असे नाही, त्यावर पुढे मतभेद झाले. पण सगळे दृश्य सारखेच फिके पडले की वेगाचा अंदाज ढासळतो, हे पुन्हा दिसून आले आहे. आणि मोतीबिंदू दृश्य तसेच फिके करतो. शिवाय वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होते. विशीतल्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. मग संध्याकाळी काय होत असेल, याचा विचार करावा.

चष्म्याची गोष्ट त्याहून साधी, आणि म्हणूनच कोणी विचारत नाही. दुहेरी चष्म्याने जिना उतरताना पायऱ्या हलतात म्हणून काकांनी तो ठेवून दिला होता. गाडी चालवताना ते फक्त दूरचा चष्मा लावत. रस्ता बरा दिसे. हाताच्या अंतरावरचे वेगाचे आकडे दिसत नसत. “काट्याकडे बघतच नाही मी,” ते म्हणाले, “गाडीचा आवाज सांगतो की.”

हा आवाज कोणता, ते काकूंनी उलगडले. काकांची आधीची गाडी जुनी फियाट. ताशी ८० किलोमीटरला तिची दारे खडखडत, सुकाणू थरथरे, आणि बोलायचे तर ओरडावे लागे. वेग किती ते सगळ्या शरीराला कळे. मुलीने दिलेली गाडी बंद काचांत शंभरालाही देवघरासारखी शांत. त्यात काकांना उच्च पट्टीचे आवाज ऐकू येत नव्हते; श्रवणयंत्र तीन वर्षांपासून कपाटाच्या खणात होते, डबीसकट. म्हणजे डोळ्यांनी वेगाचा आकडा दिसत नाही, कानांनी वेग ऐकू येत नाही. उरला पाय.

१२८ हर्ट्झचा कंपनकाटा मी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. “सुरू करा ना,” काका म्हणाले. काटा केव्हाच थरथरत होता. दीर्घ मधुमेहाने तळव्याच्या नसा बधिर होतात, तेव्हा पायाखालची कळ किती दबली आहे याचा अंदाज सैल पडतो. आपण घोट्याच्या आणि डोळ्यांच्या भरवशावर चालवत राहतो, आणि चालूनही जाते, बराच काळ.

वेगाचे कारण अजून सापडले नव्हते; सापडले होते ते वेग न कळण्याचे. कारण काकूंनी सांगितले, काका रक्तदाबाच्या खोलीत असताना, दबक्या आवाजात. “डॉक्टर, ते तुम्हाला बोलणार नाहीत. त्यांना लघवी थांबवता येत नाही हो. एकदा गाडीतच... तेव्हापासून पुढचा पंप गाठेपर्यंत ते असे दाबतात की मी डोळे मिटून बसते.”

वेगमर्यादेच्या चलानावर पौरुषग्रंथीचे नाव कुठे लिहिलेले नसते. तीन चलाने द्रुतगती मार्गावर होती, आणि तो मार्ग एकदा धरला की मध्येच थांबायला जागा नाही. काकांनी मला कधी विचारले नाही, कारण मीही कधी विचारले नव्हते.

औषधांचीही यादी पाहिली. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी साखर खाली घसरू शकते त्यांपैकी एक त्यांना मीच दिलेली होती. जेवणाची वेळ प्रवासात पुढे गेली की घाम, घाई, चिडचिड होई, असे काकू म्हणाल्या. सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी झोप आणणाऱ्यांतली निघाली. घरोघरच्या औषधांच्या डब्यात हे दोन प्रकार असतातच.

मनात एक शंका होती, तीही तपासली. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणाऱ्या एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात आठवण आधी जात नाही. आधी जातो तो संयम. नियम मोडणे, सुसाट चालवणे, परक्यांना वाटेल ते बोलणे, हीच सुरुवातीची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णाला चलानाची लाज वाटत नाही. काकांना ती इतकी वाटत होती की ते खोटे प्रमाणपत्र मागायला आले होते. तेवढ्यावर विसंबता येत नाही, म्हणून ३० गुणांची चाचणीही घेतली. ती ठीक आली.

जाता जाता एक हिशेब सांगतो, कारण काका अभियंता आणि त्यांना तोच पटला. ताशी १०० किलोमीटरला मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर १४ मीटर, म्हणजे साडेतीन मोटारींची लांबी, आधीच संपलेली असते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट. आणि त्या धडकेत पंचविशीतली बरगडी वाकते तिथे पंचाहत्तरीतली मोडते.

कायद्याच्या दारात

काकांना दंडाची भीती नव्हती. हलक्या मोटारीसाठी मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमातला दंड १,००० ते २,००० रुपयांचा आहे. भीती होती ती परवान्याची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगमर्यादेच्या प्रकरणात परवाना प्राधिकरणाकडे पाठवता येतो. चालकाचे म्हणणे ऐकून प्राधिकरण पहिल्या वेळी तो तीन महिन्यांसाठी रोखू शकते, पुढच्या वेळी रद्दही करू शकते. रोखलेला परवाना परत मिळण्यासाठी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. बंदीच्या काळात गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ‘कोपऱ्यापर्यंतच तर जायचे’ म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

मी एक पत्र लिहिले. त्यात खरे ते सगळे होते: मोतीबिंदू, कान, पायांच्या नसा, लघवीचा त्रास, आणि शस्त्रक्रियेपर्यंत गाडी चालवू नये हा माझा सल्ला. काकांनी ते दोनदा वाचले.

“हे पत्र माझ्या बाजूचे आहे की विरुद्ध?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवले. सादर करतील असे मला वाटले नव्हते. त्यांनी ते स्वतःच्या हाताने दिले. मुलगी सुट्टी काढून आली होती. न्यायालयात त्यांची पाळी आली आणि संपली, त्यात पंधरा मिनिटे गेली असतील. त्यांनी चूक कबूल केली, दंड भरला. कोणी अंगावर ओरडले नाही, याचे त्यांना जरा नवलच वाटलेले दिसले. परवाना तीन महिन्यांसाठी रोखला गेला. अपिलाचा विषय मुलीने काढला. काका “नको” म्हणाले.

तीन महिने

चालक घरी बसला की प्रश्न मिटला, असे कुटुंबाला वाटते. वैद्यकीय अंगाने नवा प्रश्न तिथेच सुरू होतो. २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात वाहन चालवणे सोडलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळपास दुप्पट आढळला. माणूस मोटारीसाठी खिन्न होत नाही. मोटारीने तो जिथे जात होता ते सगळे बंद होते, म्हणून होतो. काकांचा मंगळवारचा कट्टा सुटला. रिक्षाने जाता आले असते, पण “आज गाडी कुठे?” हा प्रश्न त्यांना नको होता. तिसऱ्या आठवड्यात ते जेवण अर्धे टाकू लागले. तेव्हा कट्ट्यावरचा एक मित्र न विचारताच मंगळवारी रिक्षा घेऊन दारात येऊ लागला. माझ्या गोळ्यांची गरज पडली नाही.

महिन्याभराच्या अंतराने दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मोतीबिंदू काढलेल्या वृद्धांचे अपघात न काढलेल्यांच्या तुलनेत निम्म्याने कमी असतात, असे २००२ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. हे मी काकांना सांगितले होते, आणि ते बहुधा त्यांनी कट्ट्यावर सर्वांना सांगितले, कारण पुढच्या महिन्यात तिथले आणखी दोघे डोळे दाखवून आले. पौरुषग्रंथीच्या औषधाने रात्रीचे उठणे पाचावरून दोनावर आले. मधुमेहाची गोळी बदलली. श्रवणयंत्र कपाटातून निघाले, काही दिवस पुन्हा आत गेले, पुन्हा निघाले.

घरच्यांना या काळात मी एकच गोष्ट सांगत होतो: किल्ली लपवू नका. लपवलेली किल्ली सापडते, आणि विश्वास सापडत नाही. त्याऐवजी दर दोन-तीन महिन्यांनी शेजारच्या जागेवर बसून त्यांच्याबरोबर अर्धा तास फिरा. टीका न करता पाहा. नेहमीचे वळण चुकते का, बाजूने येणारी दुचाकी उशिरा दिसते का, बंपरवर नवा ओरखडा आहे का. आणि चलानाचे संदेश ज्याच्या मोबाइलवर येतात त्याने ते यंत्राची चूक म्हणून पुसून टाकू नयेत. आपल्याकडे पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. आणि सत्तरीनंतरच्या पाच वर्षांत शरीरात काय काय बदलते, ते मी काकांच्या फाइलीत पाहिले आहे.

परवाना परत मिळण्याच्या सुमारास काका पुन्हा आले. मी न मागताच म्हणाले, “चला खाली. पाटी वाचतो.”

फाटकाशी उभे राहून त्यांनी रिक्षाची पाटी झरझर वाचली. मग पलीकडच्या टेम्पोची. मग समोरच्या किराणा दुकानाची, आणि दुकानाला रंग द्यायला झाला आहे असेही म्हणाले. वर येऊन मी पुन्हा कंपनकाटा काढला. अंगठ्यावर अजूनही काही कळत नव्हते. ते औषधाने परत येणारे नव्हते. छापील नमुन्यात बधिर तळव्यासाठी वेगळा रकाना नाही. मी तसे सांगितले, आणि वाहनशाळेतल्या शिक्षकाबरोबर दोनदा चालवून या, त्याने लिहून दिल्यावर बोलू, असे सुचवले. दोन वर्षांपूर्वी मी हे सुचवले असते तर काकांना राग आला असता. कदाचित मला सुचवण्याचा धीरही झाला नसता.

शिक्षकाने अर्ध्या पानावर लिहून दिले: दिवसा, शहरात, ठीक, ब्रेकवरचा पाय कधी कधी कडेला पडतो, द्रुतगती मार्ग नको. काकांनी तो कागद फाइलीत तारखेनुसार लावला. आता पुण्याबाहेर जायचे तर ते एसटीच्या शिवनेरीने जातात. परवा काकू सांगत होत्या, तिकीट काढताना ते आधी विचारतात, गाडी मध्ये कुठे आणि किती वेळ थांबते.